चोवीस मजूर आणि एक आड

फसली तेराशे सत्तेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या सुमारास, मी मंठ्याच्या सरकारी शाळेत हिशेबाचा मास्तर होतो. माझं नाव बद्रीनाथ, वय बावीस. चार वर्षांपूर्वी जालन्याहून मिडल पास होऊन आलो होतो आणि आपल्याएवढं गणित जालना ते परभणी कोणालाच येत नाही, अशी माझी खात्री होती. अंगात बंद गळ्याचा कोट असायचा. त्याची मधली दोन बटणं तुटली होती, म्हणून मी तिथे हात धरून उभा राहायचो. लोकांना वाटायचं, मास्तर कसल्या तरी विचारात आहे. मीही तो समज कधी मोडला नाही.

सरकारची भाषा उर्दू, म्हणून पाचवीपासून हिशेब उर्दूतून असे. बेरीज, गुणाकार, अपूर्णांक इथपर्यंत पोरं बरी चालायची, पण पुस्तकात शेवटी इबारती सवाल यायचे. इबारत म्हणजे मजकूर. कुणी कापड विकतो, कुणी भिंत बांधतो, कुणी घोड्यावर बसून निघतो, आणि शेवटी एक प्रश्न. इथं पोरं अडायची. घरी मराठी बोलणारी पोरं, त्यांना तो उर्दू मजकूर म्हणजे बंद दाराआडचं बोलणं. महेमूदसारख्या चार-सहा मुसलमान पोरांच्या घरी दखनी चालायची, पण पुस्तकातली उर्दू त्यांनाही पाहुण्यासारखीच वाटायची.

त्यावर मी तोड काढली. सवालातला एक शब्द पकडायचा, बाकी मजकुराकडे बघायचंच नाही. शब्द सांगेल तसं करायचं. पोरांच्या लक्षात राहावं म्हणून मी त्याचं कवनही रचलं:

कुल म्हणे मिळवा मला, बाकी म्हणे वजा करा,
ज्यादा म्हणे वाढवा मला, फी म्हणे गुणून भरा!

कुल म्हणजे एकूण आणि फी म्हणजे दर नगामागे. सकाळी प्रार्थना झाली की एकोणीस पोरं हे तारस्वरात म्हणायची. बाजाराला जाणारी माणसं रस्त्यात थांबून ऐकायची. मला भरून यायचं.

आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य मास्तर, ख्वाजामियाँ. साठीला टेकलेला, हळू बोलणारा माणूस. त्यांनी एकदा माझा तास दाराआडून ऐकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बद्रीनाथ, तुम्हारे बच्चे सवाल पढते नई. लफ्जां चुनते."

"पण जवाब बराबर येतात ना साहेब?"

"आते," ते म्हणाले. "अभी तो आते."

मला वाटलं, म्हाताऱ्याला माझ्या कवनाचा हेवा वाटतो.

वर्गात एकच पोरगं या कवनाला वश होईना. कडूबा. दोन कोसांवरच्या वाडीतून चालत यायचा. तेरा वर्षांचा, अंगानं दांडगा, आणि प्रत्येक सवालाला उलटा सवाल करायचा. एकदा सवाल होता, चाळीस गज कापडाचे तीन-तीन गजांचे तुकडे पाडले तर किती होतील. सगळ्यांनी पाट्या वर केल्या, तेरा. कडूबाची पाटी कोरी.

"का रे?"

"गुरुजी, एक गज उरून राह्यला. त्याचं काय केलं त्यानं?"

"तुला काय करायचंय? सवालात विचारलंय का?"

"न्हाई. पण एवढं चांगलं कापड."

मी त्याला बाकावर उभा केला. दुसऱ्या वेळी सवाल आला, आठ मजूर एका विहिरीचा गाळ सहा दिवसांत काढतात, तर अठ्ठेचाळीस मजूर किती दिवसांत काढतील. व्यस्त त्रैराशिक. मजूर वाढले की दिवस घटतात, उत्तर एक. पोरांनी झटक्यात दिलं. कडूबा डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपला.

"कडूबा!"

त्यानं डोळे उघडले. "गुरुजी, हीर केवढी हाय?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि मग त्याला अंगठे धरायला लावले. तास संपेपर्यंत तो तसाच वाकून राहिला. हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही, पण त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी गेलो होतो.

पुढच्याच महिन्यात, एका सोमवारी संध्याकाळी चिठ्ठी आली. शाळा तपासणारे मोहतमीम साहेब गुरुवारी सकाळी येणार. ख्वाजामियाँनी आम्हा तिघा मास्तरांना बोलावलं. छप्पर ठीक होतं, हजेरीपट ठीक होते, फक्त आवारातला आड गाळानं भरला होता आणि पाण्याला वास मारत होता. मागच्या खेपेला मोहतमीम साहेबांनी नेमकं याच आडावरून चार ओळी लिहून ठेवल्या होत्या.

गाळ काढणाऱ्या मजुरांचा मुकादम भुजंग, त्याला बोलावलं. त्यानं काठावरून आत डोकावून पाहिलं, एक खडा टाकला, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "सहा माणसं, चार दिवस."

"गुरुवारी तो साहब आ रहे," ख्वाजामियाँ म्हणाले. त्यांचा चेहरा पडला.

आता माझी वेळ होती. मी कोटाच्या तुटक्या बटणांवर हात ठेवून पुढे झालो. "साहेब, सहा माणसं चार दिवस, म्हणजे चोवीस माणसं एक दिवस. उद्या चोवीस आणायची, उद्याच काम खलास. बुधवार सारवणाला मोकळा!"

भुजंगनं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "गुरुजी, तुम्ही आड पाह्यला का?"

"मी हिशेब पाहिलाय."

"बरं," तो म्हणाला. आणखी काहीतरी म्हणणार होता, पण माझा कोट बघून गप्प बसला असावा. ख्वाजामियाँनी दाढीवरून हात फिरवला. "मुझे तो समझ में नई आ रा," ते म्हणाले, "मगर हिसाब के मास्टर तुम हो."

मंगळवारी सकाळी चोवीस माणसं आली. फावडी, टोपल्या, दोर, सगळं घेऊन. मी वर्गातल्या पोरांनाही बाहेर काढलं. म्हटलं, बघा, पुस्तकातला सवाल प्रत्यक्षात कसा सुटतो ते.

आड वरून साडेचार हात रुंद होता आणि खाली जाता जाता आणखी अरुंद होत होता. भुजंगनं दोन माणसं आत उतरवली, दोन रहाटावर लावली, दोन वाहून टाकायला. "झालं," तो म्हणाला. "अठरा जण उभे हायेत. सांगा, कुठं लावू?"

"आत लावा ना!"

"आत दोनच मावतात, गुरुजी."

"मावतील. आणखी चार उतरवा."

त्यानं उतरवले. आतून आरडाओरडा सुरू झाला. एकाचं कोपर दुसऱ्याच्या नाकावर, फावडं उचलायला जागा नाही, वर जाणारी टोपली खालच्याच्या डोक्यावर सांडतेय. मी काठावरून ओरडत होतो, "डावीकडचे उजवीकडे व्हा!" आत डावं-उजवं उरलंच नव्हतं. शेवटी मला वाटलं, हे अडाणी लोक नीट उभेच राहत नाहीत, आपण उतरून रचना करून द्यावी. मी कोट काढला, दोर धरला आणि उतरलो. तळाला पाय टेकले तेव्हा गाळ गुडघ्यापर्यंत वाटला, मग तो कमरेपर्यंत आला आणि मग मला हलता येईना. आत आता आम्ही सात जण होतो आणि त्यातला एक काहीच कामाचा नव्हता.

"गुरुजी अडकले!" वर महेमूद ओरडला. त्याच्या आवाजात दुःखापेक्षा आनंद जास्त होता.

आधी बाकीच्या सहाजणांना वर काढावं लागलं, त्याशिवाय मला ओढायला जागाच नव्हती. मग माझ्या काखेतून दोर घातला. रहाटाला भुजंग आणि दोन माणसं होती, आणि त्यांच्या जोडीला माझाच एक विद्यार्थी, कडूबा. मी वर आलो तेव्हा एकोणीस पोरं, चोवीस मजूर आणि ख्वाजामियाँ गोल करून उभे होते. कुणी हसलं नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

दुपारपर्यंत अठरा माणसं लिंबाखाली भाकरी खाऊन झोपली. त्यातले दोघे उठून आमच्या वर्गात मागे येऊन बसले आणि पुस्तकातले सवाल ऐकू लागले. एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हेच शिकवतात व्हय?" संध्याकाळी भुजंगनं आत खडा टाकून ऐकलं आणि सांगितलं, "एक दिवसाचं काम झालं. तीन दिवसांचं राह्यलं."

बुधवारी सहाच माणसं आली. गुरुवारी सकाळी मोहतमीम साहेबांची दोन बैलांची दमणी फाटकातून आत शिरली तेव्हा आड अर्धा झाला होता, आवारात पुरुषभर उंचीचा काळा ढीग होता आणि वास पूर्वीपेक्षा चौपट होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "ये क्या है?"

ख्वाजामियाँ शांतपणे म्हणाले, "हुजूर, हिसाब का सबक."

साहेबांना काय कळलं कोण जाणे, पण ते सरळ माझ्याच वर्गात आले. पोरांनी उठून कवन म्हटलं. साहेबांनी दोनदा म्हणवून घेतलं. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी पुढच्या रांगेतल्या महेमूदला उभं केलं. नाव विचारलं, वय विचारलं. बारा. भाऊ आहे का? आहे. तो कुठे? इथंच शाळेत. त्या भावाचं वय हजेरीपटात पाहून साहेब वर्गाकडे वळले.

"अच्छा, सुनो. महेमूद की उम्र बारा साल. वो अपने भाई से पाँच साल ज्यादा बडा है. भाई की उम्र कितनी?"

ज्यादा! शब्द ऐकल्याबरोबर एकोणीसांतली अठरा पोरं एका सुरात गरजली, "सतरा!"

सगळ्यांत मोठा आवाज महेमूदचा होता.

आणि मी, हे सांगायला मला लाज वाटते, मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "शाबास!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग महेमूदकडे. "बेटा, तुम्हारा छोटा भाई सतरा साल का है?"

"जी हुजूर," महेमूद म्हणाला. मग थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उगवू लागलं.

मागून कडूबाचा आवाज आला. "सात, साहेब. ते काय, समोर बसलंय."

आमच्या खिडकीतून पहिलीचा ओटा दिसायचा. तिथं महेमूदचा धाकटा भाऊ पाटी मांडीवर घेऊन मन लावून पेन्सिल चाटत होता.

साहेब खूप हसले. ते हसले म्हणून सगळे हसले, आणि मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. जाताना त्यांनी शेऱ्याच्या वहीत माझ्याबद्दल एकच ओळ लिहिली: मास्तर मेहनती आहेत, आवाज चांगला आहे.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी कडूबाला थांबवलं. तो आधीच अंगठे धरायला वाकू लागला. मी म्हणालो, "बस खाली. तू सवाल कसा सोडवतोस ते सांग मला."

तो घाबरला. त्याला वाटलं, हीही शिक्षाच असणार. मग बोलला, "मी आकडे बघतच न्हाई आधी. डोळे मिटतो. कोण काय करून राह्यलं ते बघतो. ते दिसलं की मंग आकडे आत घेतो."

"आणि दिसलंच नाही तर?"

"मंग तुमाला विचारतो. तुम्ही मारता."

दुसऱ्या दिवसापासून कवन बंद. मी सवाल वाचायचो, पण आकडे गाळून. एक माणूस आहे, त्याच्याकडे काही कापड आहे, त्यातलं काही विकलं. मग पोरांनी तो आपल्या भाषेत सांगायचा. मग पाटीवर रेघा ओढून दाखवायचा. मग अंदाज करायचा, उत्तर मोठं येईल की लहान. एवढं झालं की आकडे सांगायचे. उत्तर आल्यावर एकच विचारायचं, "असं होईल का रे?" पहिले पंधरा दिवस पोरं बावरली. त्यांना कवन हवं होतं. महेमूद तर म्हणाला, "गुरुजी, ये तो बहुत सोचना पडता."

पण मी असा माणूस की एका वेडातून निघालो ते थेट दुसऱ्यात. आता प्रत्येक सवालाचं नाटक. हौदाला दोन नळ, एक भरतो, एक रिकामा करतो, असा सवाल आला. मंठ्यात नळ कोणी पाहिला होता? मी घरून मडकं आणलं, बुडाला भोक पाडलं, वरून एका पोराला तांब्यानं पाणी ओतायला सांगितलं. मडकं भरेना, वर्ग भरला. शेजारच्या वर्गात पाणी शिरलं तेव्हा ख्वाजामियाँ पायजमा वर धरून दारात आले आणि म्हणाले, "बद्रीनाथ, पानी में तुम्हारी किस्मत अच्छी नई."

तरी पोरं सुधारली. सवालात काय चाललंय ते विचारू लागली. वार्षिक परीक्षेत एकोणीसपैकी चौदा हिशेबात पास झाली, आदल्या साली नऊ झाली होती. नापास पाचांत कडूबा होता.

मी त्याचा कागद काढून पाहिला. सहा इबारती सवालांतले दोन बिनचूक, रेघांसकट. चार कोरे. त्याला बोलावलं. "अरे, हे तर सोपे होते. आपण वर्गात केलेत असले."

"वर्गात तुम्ही मराठीत सांगता, गुरुजी. इथं उर्दूत लिहून आल्ते. मला समजलेच न्हाईत."

"बाकीच्यांनाही कुठं सगळं समजलं? त्यांनी काहीतरी लिहिलंच ना!"

तो माझ्याकडे खरंच नवल करून पाहत राहिला. "समजल्याबिगर कसा सोडवू?"

मी तो कागद उलटा करून ठेवला. कारण जालन्याला मिडलच्या परीक्षेत मी नेमकं तेच केलं होतं. पुस्तकातली उर्दू मला तेव्हाही नीट कळत नव्हती आणि मास्तर झाल्यावरही कळत नव्हती. कुल दिसलं की मिळव, बाकी दिसलं की वजा कर. ते कवन मी पोरांसाठी रचलं असं सगळ्यांना सांगत होतो, पण त्यावर मीच पास झालो होतो. चार वर्षं माझी भीती मी पोरांकडून रोज सकाळी म्हणवून घेत होतो.

दोन दिवसांनी कडूबाची आई झुंबरबाई शाळेत आली. डोक्यावर पदर, हातात विळा तसाच. ती ओट्याच्या खालीच उभी राहिली.

"पोरगं नापास झालं म्हणं. घेऊन जाते. वावरात काम पडलंय."

"बाई, त्याला हिशेब येतो. वर्गात सगळ्यांत चांगला येतो."

"मंग नापास कशानं?"

"त्याला भाषा येत नाही. उर्दू." मी थांबलो. खोटं बोलणं सोपं होतं, पण कडूबा शेजारीच उभा होता. "मलाही धड येत नाही."

झुंबरबाईनं पदर जरा मागे केला, मला नीट बघायला. "तुम्हाला येत न्हाई, अन् तुम्ही शिकवता?"

"हो."

"अन् सरकार तुम्हाला पगार देतं?"

"देतं."

ती हसली नाही. विचारात पडली. मग म्हणाली, "आधी तुम्ही शिका. मंग माझं पोरगं धाडते."

"त्याच्याबरोबरच शिकलो तर?" मी म्हणालो. "तो आणि मी, एकदमच. वर्षभर द्या त्याला."

तिनं विळा दुसऱ्या हातात घेतला. मग कडूबाला म्हणाली, "सकाळी गुरं सोडून येशील?" त्यानं मान हलवली. ती विळा घेऊन निघून गेली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, पण पोराला नेलं नाही.

मी ख्वाजामियाँकडे गेलो आणि सगळं सांगितलं. जालन्याची परीक्षासुद्धा. मला वाटलं, ते रागावतील, कदाचित वर कळवतील. ते म्हणाले, "मुझे मालूम था." मग विचारलं, "कल सुबह आते?"

अशा रीतीनं वर्षभर, शाळा भरण्याआधी तासभर, ख्वाजामियाँच्या ओसरीवर एकाच चटईवर मी आणि माझा विद्यार्थी मांडीला मांडी लावून बसायचो. ख्वाजामियाँ एक ओळ वाचायचे आणि विचारायचे, "क्या हो रा इस में?" आकडा नाही, हिशेब नाही, नुसतं काय चाललंय ते. कडूबा डोळे मिटायचा आणि सांगायचा. त्याचं उर्दू मोडकं होतं, पण माणसं, बैल, रस्ता सगळं बरोबर असायचं. माझे शब्द साफ असायचे आणि गोष्ट भलतीच. ख्वाजामियाँची नातवंडं खांबाआडून बघायची. मी चुकलो की ती कडूबाकडे पाहायची, तो सांगेल म्हणून. तो सांगायचा नाही. मला चुकायला पुरेसा वेळ द्यायचा.

पुढच्या वर्षी कडूबा सगळ्या विषयांत पास झाला. हिशेबाच्या सहा सवालांपैकी सहाही. निकाल लागला त्या सकाळी आम्ही सवयीनं दोघंही ओसरीवर जाऊन बसलो. ख्वाजामियाँनी चष्मा पुसला, कडूबाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जाओ बेटा, तुम्हारा हो गया."

मीही उठू लागलो.

"तुम किधर?" ते मला म्हणाले. "तुम एक साल और बैठो."

मी बसलो.